पणजीत चांगला पाव शोधताना

पणजीत पावासाठी दुकान शोधावं लागतंच असं नाही. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत सायकलवरून दारात येतो.

त्याच्या टोपलीतली पोई आधी घ्यावी. गव्हाचा कोंडा लावलेली, आतून पोकळ. शाकुती, म्हणजे खोबऱ्याचा मसालेदार रस्सा, तिच्यात भरून खावी, इतकी फक्कड जोडी दुसरी नाही. सोबत कडक कवचाचा उंडो आणि चहात बुडवायला बांगडीसारखं काकण. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. लाकडाच्या भट्ट्या मात्र अजून पेटतात, आणि खरी चव तिथलीच.

गोडात बेबिंका. एक थर भाजल्यावरच पुढचा ओततात. पारंपरिक बेबिंकेचे थर सात. २०२३मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

बेबिंका टिकते, पोई त्याच दिवशी संपवा.