वचन आणि निधी

कामगाराला निवृत्तिवेतनाचे वचन देणे निराळे आणि त्या वचनापोटी वेळच्या वेळी पैसा बाजूस काढून ठेवणे निराळे. या दोहोंतील अंतर किती घातक ठरते, हे अमेरिकेत १९६३ साली दिसून आले. त्या वर्षी डिसेंबरात स्टुडबेकर या मोटार कंपनीने साउथ बेंड येथील आपला कारखाना बंद केला. निवृत्तिनिधी अपुरा होता. जे निवृत्त झाले होते त्यांना पूर्ण वेतन मिळाले. परंतु चाळीस ते साठ वर्षे वयाच्या सुमारे ४,००० कामगारांच्या पदरी हक्काच्या रकमेपैकी अवघे १५ टक्के पडले. त्यांहून तरुण कामगारांना तर काहीच मिळाले नाही. विशेष हे की, कंपनीने कोणताही कायदा मोडला नव्हता. कारण निधी किती असावा हे सांगणारा कायदाच पुरेसा नव्हता.

ही उणीव १९७४ च्या कायद्याने दूर केली. त्यानुसार मालकाने दरवर्षी दोन रकमा भरावयाच्या असतात : एक, चालू वर्षाच्या सेवेमुळे वाढलेल्या देण्याची, दुसरी, मागील तुटीच्या हप्त्याची. हा पैसा कंपनीच्या मालमत्तेपासून अलग, न्यासाच्या हाती राहतो. भरणा चुकल्यास दंडात्मक कर बसतो. एवढे करूनही योजना बुडाली, तर याच कायद्याने स्थापन झालेले विमा महामंडळ ठराविक मर्यादेपर्यंत वेतन देते. तात्पर्य, म्हातारपणीची भाकरी मालकाच्या भरभराटीवर अवलंबून राहू नये, हाच या तरतुदींचा हेतू होय.