सांडपाण्याला चढ चढता येत नाही

जपानमधल्या दहा लाखांच्या सेंदाई शहरात 12 मार्च 2011 च्या सकाळीही लोक संडासला गेलेच. आदल्या दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्यानंतर तासाभरानं त्सुनामी किनाऱ्यावर चढली होती. वीज नव्हती, गॅस नव्हता. पण ज्यांच्या नळाला किंवा बादलीत पाणी होतं त्यांनी ते नेहमीसारखं ओतलं आणि ते नेहमीसारखं खाली गेलं. खाली म्हणजे कुठे, हा प्रश्न एरवी कुणाला पडत नाही. सेंदाईपुरतं त्याचं उत्तर होतं मिनामी-गामो : शहराचं जवळपास 70 टक्के सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, अगदी पुळणीला लागून. आणि तो आदल्या दिवशी दहा मीटरच्या लाटेखाली गेला होता.

तिथले कर्मचारी गच्चीवर चढले म्हणून वाचले. पंपघराची समुद्राकडची काँक्रीटची भिंत आत वाकली. पंप, मोटारी, विजेचे पॅनेल, सगळं खाऱ्या पाण्यात. वीज गेली की जाते, गॅसची झडप बंद करता येते. सांडपाणी मात्र थांबवता येत नाही. सेंदाईतली मुख्य गटारं उतारानं वाहतात, पंपाची वाट बघत नाहीत. त्यामुळे प्रकल्प मेला तरी शहराची घाण ठरल्या वेळी त्याच्या दारात येतच राहिली. तिला वाट दिली नसती तर ती शहरातल्या मॅनहोलमधून वर आली असती. मग मोडक्या टाक्यांत गाळ जमेल तेवढा बसू द्यायचा, वरच्या पाण्यात क्लोरीन टाकायचा आणि समुद्रात सोडायचं, एवढ्यावर काम भागवलं गेलं. प्रकल्प पूर्ण उभा राहायला 2016 साल उजाडलं.

इतकी महत्त्वाची गोष्ट समुद्राच्या तोंडाशी का बांधली, असं विचारणं सोपं आहे. पण सांडपाण्याला चढ चढता येत नाही. शहरातला सगळ्यात खालचा बिंदू किनारा, म्हणून प्रकल्प किनाऱ्यावर. कोळसा आणि द्रवरूप गॅस जहाजानं येतो, म्हणून औष्णिक केंद्रं आणि गॅसच्या टाक्या बंदराला चिकटून. वाफेचं पुन्हा पाणी करायला अमाप थंड पाणी लागतं, म्हणून अणुभट्ट्याही तिथेच. लाटेच्या वाटेत हे सारं कुणी मूर्खपणानं ठेवलेलं नव्हतं. मूर्खपणा झाला असेल तर तो पुढच्या पायरीवर : जमीन किती उंच ठेवायची आणि कुठलं यंत्र कुठल्या मजल्यावर.

फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राची जागा मुळात समुद्रापासून 35 मीटर उंच कडा होती. ती तासून 10 मीटरवर आणली. कारणं हिशेबी होती : इमारतींना खालचा खडक मिळावा, जड यंत्रं जहाजातून उतरवणं सोपं जावं आणि समुद्राचं पाणी फार उंच खेचायला लागू नये. लाट आली सुमारे 15 मीटरची. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला, भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ असलेल्या ओनागावा अणुकेंद्राची जमीन 14.8 मीटरवर होती. तोहोकु इलेक्ट्रिक पॉवरचे अभियंते यानोसुके हिराई यांनी त्या उंचीचा हट्ट धरला होता. 869 सालच्या जोगान त्सुनामीचा दाखला ते देत, असं त्यांच्या हाताखाली काम केलेले सांगतात. भूकंपात तिथला किनारा मीटरभर खचला, लाट 13 मीटरची आली. म्हणजे उरलं ते हातभर अंतर. या केंद्रालाही इजा झाली, एका भागात पाणी शिरलं, एका पॅनेलला आग लागली. पण अणुभट्ट्या शांतपणे बंद झाल्या आणि आसपासच्या गावांतले साडेतीनशेहून अधिक लोक केंद्राच्या व्यायामशाळेत आसऱ्याला राहिले. अणुकेंद्रात आसरा! त्याच दिवसांत फुकुशिमाच्या आसपासची गावं अणुकेंद्रापासून लांब पळत होती.

फुकुशिमाची गोष्ट दर वेळी समुद्राकडच्या संरक्षक भिंतीच्या उंचीवर येऊन थांबते. मला तिच्यातला तळघराचा भाग जास्त बोलका वाटतो. भूकंपानं बाहेरची वीज तोडली तेव्हा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले होते. पाऊणएक तासानं लाट आली आणि टर्बाइन इमारतींच्या तळघरांतले जनरेटर बुडाले. पण सगळे नाही. दोन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी हवेनं थंड होणारे जे जनरेटर वेगळ्या इमारतीत होते, ते शाबूत राहिले. तरी उपयोग शून्य, कारण त्यांची वीज वाटून देणारे पॅनेल तळघरात होते आणि ते बुडाले होते. इंजिन धडधाकट, वीज पोचवायला रस्ता नाही. सहा क्रमांकाच्या भट्टीचा असाच एक जनरेटर उंचावर होता, त्याचं पॅनेलही वाचलं. त्या एकट्यानं पाच आणि सहा क्रमांकाच्या भट्ट्या वाचवल्या.

इतर इमारतींचं काय झालं हे समजून घ्यायला परत ओनागावाला, पण या वेळी गावात जावं लागेल. जपानी काँक्रीटच्या इमारती हादऱ्यासाठी बांधलेल्या असतात आणि त्या दुपारी हादऱ्यात बहुतेक उभ्या राहिल्या. नंतर पाण्यानं त्यातल्या काही सबंधच्या सबंध आडव्या केल्या. भिंती न फुटता, पेटी कलंडावी तशा. भूकंप इमारतीला आडवा हिसका देतो, त्याचा हिशेब पायात मांडलेला असतो. लाट आडवी तर ढकलतेच, शिवाय खालून उचलते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर उंच खोलीत हवा कोंडली आणि बाहेर पाणी चढलं, तर ते पाणी तिला 300 टन बळानं वर रेटतं. खिडक्या मोठ्या असल्या तर त्या फुटतात, पाणी आत येतं, रेटा उतरतो. म्हणून मासळीच्या शीतगृहासारख्या बिनखिडक्यांच्या, दणकट वाटणाऱ्या इमारती इथे जास्त गोत्यात आल्या. त्यात भूकंपानं पायाखालची भिजकी वाळू पातळ झालेली असली की खांबांची जमिनीवरची पकड सुटते आणि इमारत मुळासकट वर येते. घर मजबूत असणं आणि घर जड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाण्याखेरीज कोण शिकवणार?

सेंदाई बंदरातला गॅसचा तळ बुडाला आणि शहरातल्या साडेतीन लाखांहून अधिक ग्राहकांचा गॅस गेला. मार्चमध्ये तिथे बर्फ पडतं. शहराला तारलं ते दुसऱ्या किनाऱ्यानं : डोंगर ओलांडून नीगातापासून येणारी एक वाहिनी शाबूत होती. तरीही 16 एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, कारण गॅस पुन्हा सोडण्याआधी घराघरांत जाऊन झडप बंद करायची, नळ्या तपासायच्या आणि मगच सोडायचा. त्यासाठी देशभरातल्या गॅस कंपन्यांची माणसं आली. विजेला असा शेजारी मिळाला नाही. पश्चिम जपानकडे वीज होती, पण तिथे ती 60 हर्ट्झची आणि पूर्वेला 50 हर्ट्झची. एकोणिसाव्या शतकात टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन, त्याचं हे ओझं. दोहोंना जोडणारी केंद्रं जेमतेम 10 लाख किलोवॉट वळवू शकत होती. टोकियो परिसरात पाळीपाळीनं वीज बंद ठेवावी लागली.

आपल्याकडे 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसं वाहून गेली होती. तारापूर, तुर्भे, दाभोळ या वीजकेंद्रांची नावं घेतली तरी पुरे, तीच किनाऱ्याची मजबुरी. त्सुनामीची वाट न बघता 26 जुलै 2005 च्या पावसानंही मुंबईत वीज उपकेंद्रं बंद पाडली होती. एवढ्यानंतरही नव्या सोसायटीची चावी हातात घेताना मीटर आणि जनरेटर तळघरात आहेत का, हे विचारणारा माणूस विरळाच; पोडियम गार्डनबद्दल मात्र सगळे विचारतात.

ओनागावानं एक इमारत तशीच ठेवली आहे, दुमजली पोलीस चौकी. ती उलथून आडवी पडलेली आहे, तळाशी तुटलेला पायाचा खांब दिसतो. आजूबाजूची जमीन भराव टाकून कित्येक मीटर उंच केली, नवं गाव वर वसवलं. चौकीची जागा आता खड्ड्यात आली आहे. ती बघायला उतरून जावं लागतं.