अशक्त कोण? लस की जंतू?

दोस्तांनो, शर्टाची बाही जरा वर करा आणि डाव्या दंडाकडे बघा. एक छोटासा गोल व्रण दिसतोय? बहुतेकांना दिसेल. ही बीसीजी लशीची खूण. या खुणेमागे एक भारदस्त इंग्रजी शब्द दडलाय, 'ॲटेन्युएटेड'!

शब्दकोशात याचा अर्थ सापडतो, 'दुबळा किंवा क्षीण केलेला'. आता गंमत बघा. गोवर-रुबेलाच्या लशीच्या कुपीवर 'लाइव्ह, ॲटेन्युएटेड' असं छापलेलं असतं. कुणी म्हणेल, "बाप रे! दुबळी लस? मग ती टोचून घ्यायचीच कशाला?"

थांबा! दुबळी असते ती लस नव्हे, तर लशीतला रोगजंतू. तो जिवंत असतो, पण त्याची रोग करण्याची ताकद काढून घेतलेली असते. अशा शत्रूशी आपलं शरीर लुटुपुटीची लढाई खेळतं आणि त्याला नीट ओळखून ठेवतं. उद्या खरा शत्रू आला, की फौज तयार!

ही युक्ती 1879-80 च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना गवसली. जुने, जोर ओसरलेले जंतू टोचले, तेव्हा कोंबड्या थोड्या आजारी पडून बऱ्या झाल्या. पुढे त्यांना ताजे, जहाल जंतू टोचले, तरी त्या जगल्या!

बीसीजीची कथा तर चिकाटीची. काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या कापांवर, बैलाचं पित्त घालून वाढवले. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर. असं 13 वर्षं, 230 वेळा! मग 1921 साली ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली.

या शब्दाचं मूळ आहे लॅटिन 'टेन्युइस', म्हणजे पातळ, बारीक. आपल्या संस्कृतमधला 'तनु' म्हणजे सडपातळ, हा त्याचाच भाऊबंद बरं का!

हा शब्द विजेच्या जगातही भेटतो. केबल लांबत गेली, की तिच्यातला सिग्नल क्षीण होतो. तोही 'ॲटेन्युएटेड'! पण तापातून उठल्यावर "मी ॲटेन्युएटेड झालोय" म्हणाल, तर सगळे हसतील. तिथे साधा 'वीक' बरा. आणि ताकात पाणी ओतलं, तर ते 'डायल्यूट' झालं.

आता एक कोडं. पोलिओची लस दोन प्रकारे देतात, तोंडात थेंब आणि इंजेक्शन. यांतलं ॲटेन्युएटेड कोणतं?

उत्तर : थेंब. त्यांत विषाणू जिवंत, पण दुबळा असतो. इंजेक्शनमधला मात्र पार मेलेला!