वडिलोपार्जित मोटार आणि ब्रेकचा समतोल

मराठवाड्यातील जुन्या व्यापारी घरांत, वाड्याच्या अंगणात किंवा मोंढ्यातील गोदामाच्या कडेला, ताडपत्रीखाली जपून ठेवलेली एखादी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अजूनही दृष्टीस पडते. आजोबांनी घेतलेली गाडी भंगारात घालण्यास मन धजत नाही, आणि नातवंडांना तीत बसून फेरी मारण्याची हौस असते.

या गाडीशी जैन समाजाचे नाते केवळ मालकीचे नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये आलेली ‘११०० डिलाइट’ हीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी घरांतील गाड्या मात्र अद्याप चालतात. त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेचा विचार अगत्याचा ठरतो.

अंबाजोगाई हे बालाघाटाच्या डोंगरावर वसलेले गाव. परळीकडे जाताना रस्ता डोंगर उतरू लागतो. सपाट रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी किंचित एका बाजूला ओढली, तर ते दुर्लक्षिले जाते. उतारावरील वळणावर, समोरून उसाने भरलेली ट्रॉली येत असताना, तोच दोष जिवावर बेततो.

या गाडीच्या मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पायाखालील पॅडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब सर्व नळ्यांतून सारख्याच प्रमाणात चाकांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक चाकातील सिलिंडर दोन शू बाहेर ढकलतो आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात. त्यातील पुढच्या शूला ड्रमची गतीच आणखी आत ओढून घेते. त्यामुळे अल्प श्रमात मोठा जोर मिळतो, परंतु दोन चाकांतील लहानसा फरकही त्याच पटीने वाढतो. दाब सर्वत्र सारखा असल्याने दोष बहुधा एखाद्या चाकाजवळच सापडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी उजवीकडे ओढते, म्हणजे उजवा ब्रेक अधिक धरतो. पण अनेकदा उजवा ब्रेक आपले काम नीट करीत असतो आणि दुबळा असतो तो डावा. म्हणून तपास दोन्ही बाजूंचा करावा.

आरंभ सोप्या गोष्टींपासून करावा. दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी आहे काय, चाकाच्या बेअरिंगला ढिलेपणा आहे काय, ब्रेक न दाबताही गाडी ओढते काय, हे आधी पाहावे. रात्रभर दमट हवेत उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या एक-दोन वेळांना ओढत असेल आणि नंतर सरळ थांबत असेल, तर तो ड्रमवरील गंजाचा पातळ थर असू शकतो. पॅडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रमची गोलाई बिघडल्याचा संशय घ्यावा. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक तापत असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे.

न सुटणाऱ्या ब्रेकची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी जॅकने उचलून भक्कम घोडीवर टेकवावी, पॅडल दाबून सोडावे आणि चाक फिरवून पाहावे. चाक अडले, तर हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडलेला होता. अशा वेळी आतून फुगलेला रबरी होज पाइप बहुधा दोषी असतो. तरीही चाक अडलेलेच राहिले, तर सिलिंडरमधील पिस्टन गंजून अडकला आहे किंवा शूचे स्प्रिंग दुबळे झाले आहे.

ड्रम उघडल्यावर लायनर ओलसर दिसले, तर सिलिंडर गळतो आहे किंवा हबचे सील फाटून ग्रीस आत आले आहे. आधी गळती थांबवावी. तेल मुरलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एकच ड्रम लेथवर खरडून आणला असेल, तर दोन बाजूंची मापे भिन्न होतात आणि तेथूनही ओढ निर्माण होते. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सर्वांत घातक म्हणजे झटपट उपाय. डावा ब्रेक दुबळा असता उजवा सैल केला, की गाडी सरळ थांबू लागते आणि मालक निश्चिंत होतो. तराजूची पारडी पासंग लावून सम दाखवता येतात, पण त्यामुळे काटा खरा होत नाही. या उपायाने गाडीची एकूण थांबण्याची शक्तीच घटते आणि तिला थांबायला अधिक अंतर लागते. दुबळ्या चाकाला पूर्ववत बळ देणे, हाच खरा समतोल. शूचे अंतर जुळवणे हे शेवटचे काम. त्यानंतर नळ्यांतील हवा काढून घ्यावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी उभीच असली तरी ते दोन वर्षांनी बदलावे. दुरुस्तीनंतर मोकळ्या मैदानात, मंद वेगाने खात्री करून घ्यावी आणि मगच घरच्या मंडळींना बसवून डोंगर उतरावा. वडीलधाऱ्यांची ठेव चकचकीत राखण्यात आनंद आहेच. परंतु ती वेळेवर आणि सरळ थांबते, याची खात्री असणे हीच तिची खरी जपणूक होय.