बेकारी भत्ता घेतला की ग्रीन कार्ड गेलं?

न्यू जर्सीत एखाद्या मराठी घरावर ले-ऑफ कोसळला की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातला एक ठरलेला: "अनएम्प्लॉयमेंटच्या वाटेला जाऊ नकोस, ग्रीन कार्ड अडकेल." हे ऐकून ऐकून कान किटले, पण लोक अजून घाबरतात आणि हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात.

भीतीचं मूळ आहे 'पब्लिक चार्ज' ही अट. अर्जदार पुढे सरकारच्या मदतीवरच जगेल का, एवढं त्यात तपासतात. गरिबांना मिळणारी रोख मदत त्यात धरली जाते. बेकारी भत्ता धरला जात नाही, कारण तो विमा आहे. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून त्याचा निधी मालकांकडून घेतलेल्या करातून उभा राहतो. अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत तर कामगाराच्या पगारातूनही हप्ता कापतात. स्वतःची पे-स्टब काढून बघा. गाडी ठोकली गेल्यावर विम्याचा क्लेम करताना लाज वाटते का? मग इथेच का?

सरकार बदललं की नियम बदलतो म्हणाल, तर तेही पाहू. क्लिंटन यांच्या काळातल्या १९९९ च्या सूचनांनी हा भत्ता वगळला. ट्रम्प यांच्या २०१९ च्या कडक नियमात फूड स्टॅम्प आणि मेडिकेडही मोजायचं ठरलं, पण बेकारी भत्त्याला तिथेही हात लावला नाही. बायडेन यांच्या २०२२ च्या नियमातही तो बाहेरच राहिला. आता आणखी कोणाची साक्ष काढायची?

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. भत्त्यासाठी तुम्ही लगेच काम धरायला कायद्याने मोकळे असावे लागता. एच-१बी एकाच कंपनीला बांधलेला असतो. त्यामुळे नोकरी गेलेल्या एच-१बीधारकाला सर्वसाधारणपणे भत्ता मिळत नाही, हप्ता कापला गेला असला तरीही. हे अन्यायाचं वाटेल, पण नियम तसा आहे. ग्रीन कार्डधारक किंवा एच-४ वर कामाचा वैध परवाना असलेली व्यक्ती मात्र इतर अटी पूर्ण करून अर्ज करू शकते.

बाकीचे गैरसमज झटपट:

"राहतो एडिसनला, म्हणजे अर्ज जर्सीत." नाही. नोकरी मॅनहॅटनच्या ऑफिसात असेल तर अर्ज न्यू यॉर्ककडे.

"निम्म्याहून जास्त पगार मिळतो." जर्सीत सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के मिळतात, पण वर मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती आठवड्याला ८७५ डॉलर होती. मोठ्या पगारवाल्यांनी हिशेब त्यावर करावा.

"भत्त्यावर कर नाही." जर्सी राज्य घेत नाही, केंद्र सरकार घेतं.

"राजीनामा दिला तरी चालतं." कामाशी निगडित सबळ कारण नसेल तर नाही.

"तोवर भारतात राहून येऊ." देशाबाहेर असताना तुम्ही कामासाठी उपलब्ध नसता. ते लपवून भत्ता घेतलात तर परत भरावा लागतो, वर दंड.

"आधी महिनाभर नोकरी शोधू, मग बघू." जर्सीत क्लेम अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्ज करा आणि निर्णय यायचा असला तरी दर आठवड्याचं सर्टिफिकेशन चुकवू नका.