घरगुती प्रिंटर आणि बिनतारी जाळे

द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींनी किंवा बाईंनी पदरचे पैसे घालून लहानसा प्रिंटर घ्यावा, काही दिवस त्याचे कौतुक व्हावे आणि मग एके दिवशी प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो कपाटावर ठेवला जावा, असे पुष्कळ ठिकाणी घडते. कारण विचारले असता ‘तो मोबाईलला सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळते. यंत्र बहुधा धडधाकट असते. अडलेले असते ते मोबाईल व प्रिंटर यांच्या भेटीपाशी. ती भेट होत नाही म्हणून पहिलीच्या मुलांसाठी तयार केलेले अक्षरचित्रांचे पान फळ्यावर काढण्यात अर्धी तासिका खर्ची पडते, आणि चाचणीच्या प्रश्नपत्रिका तालुक्याच्या दुकानात दुसऱ्याच्या संगणकावर उतरवून छापून आणाव्या लागतात. यातील दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक चिंतेची आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बिनतारी जाळे, ज्यास सर्वत्र वायफाय म्हणतात, आणि इंटरनेट या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. वायफाय म्हणजे गावातल्या गल्ल्या, तर इंटरनेट म्हणजे गावाबाहेर जाणारी एस. टी. शेजारच्या आळीत जाण्यास एस. टी.ची वाट पाहावी लागत नाही. त्याचप्रमाणे मोबाईलमधील पान त्याच खोलीतील प्रिंटरकडे जाण्यास इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. दोघेही एकाच जाळ्यात असले म्हणजे पुरते. ‘आमच्या शाळेस इंटरनेट नाही, सबब प्रिंटरला तार लावूनच काम करावे लागते’ ही समजूत म्हणूनच बरोबर नव्हे. मात्र काही प्रिंटर सतत इंटरनेट जोडलेले असावे या अटीवरच विकले जातात. खरेदीपूर्वी दुकानदारास हे स्पष्ट विचारावे आणि खेड्यातील शाळेसाठी असा प्रिंटर घेऊ नये.

भेट कशी होते ते पाहू. शिक्षकाने मोबाईलवर ‘छापा’ अशी आज्ञा दिली की मोबाईल जाळ्यात पुकारा करतो, ‘येथे कोणी प्रिंटर आहे काय?’ प्रिंटर आपले नाव सांगून ‘हजर’ म्हणतो. वर्गातील हजेरीसारखाच हा प्रकार आहे, आणि हजेरीप्रमाणेच तो पुकारा वर्गाबाहेर जात नाही. मोबाईल सिमकार्डाच्या डेटावर असेल आणि प्रिंटर घरातील वायफायवर असेल, तर दोघे एका टेबलावर असूनही एका वर्गात नसतात. ‘सापडत नाही’ या तक्रारीत पहिली शंका हीच घ्यावी. ग्रामपंचायतीच्या किंवा अन्य सार्वजनिक वायफायवर आणखी एक अडचण येते. तेथे सुरक्षिततेसाठी एका उपकरणास दुसरे उपकरण दिसू नये अशी योजना पुष्कळदा केलेली असते. अशा जाळ्यात दोन्ही उपकरणे जोडलेली असूनही छपाई होणार नाही.

दुसरे कारण लहरींचे आहे. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात, परंतु स्वस्त घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळांना केवळ २.४ चाच पट्टा कळतो. ढोलाचा घुमार भिंतीपलीकडे पोहोचतो, टाळांचा किणकिणाट खोलीतच विरतो, त्याप्रमाणे २.४ च्या लहरी भिंतीतून अधिक दूर जातात, तर ५ च्या वेगवान असल्या तरी लवकर क्षीण होतात. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिलेली असल्यास प्रिंटरला २.४ चे नाव द्यावे. यादीत जाळ्याचे नावच येत नसेल, तर ते ५ चे आहे असे बहुधा समजावे. प्रिंटर लोखंडी कपाटाच्या आड किंवा पत्र्याच्या आडोशास ठेवू नये, कारण धातू या लहरींना अडवितो. (एकेकाळी साधा रेडिओ बाळगण्यासही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागत असे. २.४ च्या पट्ट्यातील अशा कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ साली परवान्यातून मोकळीक मिळाली, हे येथे जाता जाता सांगण्याजोगे आहे.)

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाही. प्रिंटरला लहानसा पडदा असेल तर त्यावरील नेटवर्कच्या यादीतून आपल्या जाळ्याचे नाव निवडावयाचे व पासवर्ड भरावयाचा. पासवर्डात इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. तेथेच बहुतेकांचे चुकते. पडदा नसेल तर वायफायचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत काही सेकंद दाबून धरावे आणि कंपनीच्या ॲपमधून पुढील सूचना पाळाव्या. त्या वेळी मोबाईलचे ‘लोकेशन’ व ‘ब्लूटूथ’ चालू ठेवावे, अन्यथा नवा प्रिंटर ॲपला पुष्कळदा दिसत नाही. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेले बटण असल्यास ते दाबून २ मिनिटांच्या आत प्रिंटरवरील बटण दाबावे, म्हणजे पासवर्ड भरण्याचेही कारण पडत नाही. जोडणी झाल्यावर मात्र निराळ्या ॲपची गरज बहुधा उरत नाही. आयफोनमध्ये २०१० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून छपाईची सोय अंगचीच आहे.

ज्या शाळेत राउटरच नाही तेथे काय करावे? दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोबाईलच्या हॉटस्पॉटचा. एका शिक्षकाने आपल्या मोबाईलवर हॉटस्पॉट चालू करावा, त्याचा पट्टा २.४ ठेवावा, आणि प्रिंटर व दुसऱ्या शिक्षकाचा मोबाईल असे दोन्ही त्यास जोडावे. दुसऱ्या मोबाईलवरून छापावे. पान त्या दोहोंमध्येच फिरत असल्याने छपाईसाठी डेटा खर्च होत नाही. हॉटस्पॉटचे नाव व पासवर्ड एकदा ठरवून पुढे बदलू नये. प्रिंटर ते लक्षात ठेवतो आणि हॉटस्पॉट चालू होताच आपण होऊन जोडला जातो.

दुसरा मार्ग ‘वायफाय डायरेक्ट’ हा होय. यात प्रिंटर स्वतःच लहानसे जाळे निर्माण करतो. मोबाईलच्या वायफाय यादीत ‘डायरेक्ट’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारे नाव दिसते, ते प्रिंटरचे. पासवर्ड प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापून दिलेल्या माहितीपत्रकावर असतो. एकशिक्षकी शाळेस हाच मार्ग सोयीचा. येथे पुष्कळ जण फसतात ते एका प्रश्नापाशी. जोडणी होताच मोबाईल विचारतो, ‘या जाळ्यात इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहावयाचे काय?’ घाईने ‘नाही’ म्हटले, किंवा उत्तरच दिले नाही, तर मोबाईल मुकाट्याने सिमच्या डेटावर परततो आणि प्रिंटर अदृश्य होतो. तेथे ‘होय’ म्हणावे. तसेच छापावयाचे पान जोडणीपूर्वीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवावे, कारण प्रिंटरच्या जाळ्यात असता ते बाहेरून मिळेलच असे नाही.

वीज जाणे हा खेड्यातील नित्याचा प्रसंग. वीज परत येताच राउटर व प्रिंटर एकदम सुरू होतात, पण राउटरला पूर्ण जागे होण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. तोवर प्रिंटरने शोध सोडून दिलेला असतो. दोन मिनिटे थांबून प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा, एवढेच. क्वचित असेही होते की मोबाईलवरून छपाई होते, पण संगणकावरून होत नाही. राउटर प्रत्येक उपकरणास एक अंकांचा पत्ता देतो आणि वीज गेल्यावर हा पत्ता बदलू शकतो. मोबाईल नावाने हाक मारतो, तर संगणक काही वेळा जुन्याच पत्त्यावर पान पाठवीत बसतो. अशा वेळी संगणकातून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा. जाणकार भेटल्यास राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून घ्यावा. प्रिंटर आपल्या जोडणीचे माहितीपत्रक छापून देतो, त्यावर हा पत्ता असतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे जाणावे व जोडणी नव्याने करावी.

प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या आधारपत्रांच्या प्रती याच यंत्रातून जातात, म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या. ई-मेलने पान पाठवून छापण्याची सोय काही कंपन्या देतात. तीत पान कंपनीच्या दूरच्या संगणकावरून फिरून येते. गोपनीय कागदांसाठी ती वापरू नये, एकाच जाळ्यातील छपाई पुरेशी आहे. दुसरे असे की ‘वायफाय डायरेक्ट’चा मूळ पासवर्ड पुष्कळदा १२३४५६७८ असा असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा, आणि नवा पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवून ठेवू नये. पाचवीतल्या मुलांची नजर मोठ्या माणसांच्या समजुतीपेक्षा तीक्ष्ण असते.

दीर्घ सुटीत शाईचा प्रिंटर निजून राहिला तर त्याची सूक्ष्म छिद्रे वाळलेल्या शाईने बुजतात. आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे एखादे पान छापावे, आणि तेही मोबाईलवरूनच छापावे, म्हणजे जोडणी शाबूत आहे किंवा कसे तेही त्याच वेळी समजते.