काचेवर चढणारा ढेकूण

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट, त्यांवर कापसाच्या गाद्या, कॉटखाली बॅगा आणि पुस्तकांचे गठ्ठे. अशाच एका खोलीत ढेकूण झाले, तेव्हा मुलांनी कॉटच्या पायांखाली प्लॅस्टिकच्या वाट्या ठेवल्या. वाटीला बाहेरून कागदी टेप गुंडाळलेली, आतून ती गुळगुळीत. ढेकणाला पंख नसतात, उडी मारता येत नाही. जमिनीवरून गादीकडे निघालेला ढेकूण टेपवरून चढेल, वाटीत पडेल आणि आतल्या गुळगुळीत कडेवरून त्याला वर येता येणार नाही, असा हिशोब. काही दिवसांनी वाट्यांत सापडली ती फक्त पिल्लं. मोठा ढेकूण एकही नाही, आणि चावणं मात्र सुरूच.

फवारणीवाल्या काकांबरोबर मी त्या खोलीत गेलो, तेव्हा एक मुलगा गादी उचलायला पुढे झाला. काका म्हणाले, "गादी राहू दे रे, आधी कॉट पालथी घाल." कॉट पालथी झाली आणि पाय जिथे चौकटीला जोडलेले असतात त्या सांध्यांत काळे ठिपके दिसले. ही ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्याच्याच कडेला पिवळसर, पारदर्शक काती आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी, पत्र्याला चिकटवलेली. प्लायवुडच्या कापलेल्या कडेत, भिंतीच्या पोपडे आलेल्या रंगामागे, स्विचबोर्डच्या चौकटीत, गादीच्या शिवणीत सगळीकडे तीच खूण. ढेकूण राहतो खरबरीत फटीत. पण फटीतून माणसापर्यंत येताना वाटेत काय काय लागतं आणि त्यातलं त्याला काय अडवतं, हे मला बघायचं होतं.

काकांनी चिमट्याने पकडलेले काही ढेकूण झाकणाच्या बरणीत दिले. ब्रशच्या टोकाने एकेकाला वेगवेगळ्या पृष्ठभागांवर सोडलं आणि भिंगातून पाहत बसलो. चादरीच्या सुतावर तो बिनदिक्कत चालतो. कापड उभं धरलं, उलटं धरलं, त्याला फरक पडत नाही. पायाच्या टोकाला दोन बारीक नख्या असतात, त्या धाग्यात अडकतात. कच्चं प्लायवुड, चुन्याची भिंत, डिस्टेंपर, गंजलेलं लोखंड या सगळ्यांवर तेच. नख्यांना रोवायला खाच मिळाली की पुरे. सनमायकावर मात्र चाल बदलते. नखी घसरते, पाय पुन्हा टेकवला जातो, शरीर पृष्ठभागाला अधिक लगटतं. तरी मोठा ढेकूण चढतो.

खरी परीक्षा काचेच्या पेल्याची. स्वच्छ पुसलेल्या, कोरड्या पेल्याच्या तळाशी मोठा ढेकूण सोडला. त्याने आधी कडेने फेरी मारली, पुढचे पाय काचेवर टेकवून पाहिले, घसरला, परत टेकवले. मग पुढचे दोन्ही पाय रुंद फाकवून त्याने काच धरली आणि वर निघाला. वेग कमी, मध्येच थांबणं, एखादा पाय सुटणं, पण कडेपर्यंत पोचला. त्याच पेल्यात सोडलेलं पिल्लू मात्र तळाशीच फिरत राहिलं. पुढचे पाय काचेला लावायचं आणि पाठीवर पडायचं. आकाराने लहान, वजनाने हलकं असलेलं पिल्लू चढायला हवं आणि मोठा पडायला हवा, असं कोणालाही वाटेल. दिसलं ते उलट.

याचं कारण ढेकणाच्या नडगीत आहे. जगभर माणसाला त्रास देणाऱ्या ढेकणांच्या दोन मुख्य जाती आहेत. थंड, समशीतोष्ण देशांत सायमेक्स लेक्ट्युलॅरियस; आपल्यासारख्या उष्ण भागात प्रामुख्याने सायमेक्स हेमिप्टेरस. मलेशियातल्या आणि इतर देशांतल्या संशोधकांनी २०१७ साली या दोन्ही जातींची चढण्याची ताकद एकमेकींशी ताडून पाहिली. बाजारात मिळणारे चार प्रकारचे गुळगुळीत भिंतींचे सापळे त्यांनी वापरले. उष्ण भागातल्या जातीचे प्रौढ ढेकूण चारही सापळ्यांतून बाहेर पडले. थंड देशांतल्या जातीच्या प्रौढांना ते जमलं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कारण दिसलं. प्रौढ ढेकणाच्या नडगीच्या टोकाशी केसाळ गादी असते. आपल्याकडच्या जातीत त्या गादीवर पकड घेणारे केस जास्त, आणि त्यांच्या मुळाशी असलेला ग्रंथींचा थरही अधिक विकसित. पिल्लांमध्ये, अगदी शेवटची कात टाकायच्या आधीच्या अवस्थेतही, ही गादी नसते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पाच वेळा कात टाकून, प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन प्रौढ झाल्यावरच काच चढण्याचं हे साधन त्याला मिळतं.

सदाशिव पेठेतल्या वाट्यांचं कोडं इथे सुटतं. वाटीने काम केलं नाही असं नाही. तिने पिल्लं अडवली. मोठ्यांना मात्र ती अडवू शकत नव्हती. थंड देशांतल्या ढेकणांवर तपासलेली वस्तू आपल्या ढेकणांवर तशीच चालेल असं गृहीत धरणं चूक आहे, आणि ऑनलाइन अशी वाटी घेणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो. महिन्याचा खर्च मोजून मापून करणाऱ्या मुलांचे पैसे त्यात जातात आणि वर 'वाटीत मोठे नाहीत, म्हणजे गेले' असा खोटा दिलासा मिळतो.

ढेकणाला अडवणारा पृष्ठभाग गुळगुळीतच असायला हवा असंही नाही. बाल्कन प्रदेशात पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरत. सकाळी ढेकूण भरलेली पानं गोळा करून जाळत. हा घेवडा म्हणजे आपल्या मंडईतल्या श्रावणघेवड्याचीच जात. त्याच्या पानावर आकड्यासारखे वळलेले सूक्ष्म केस असतात. ढेकूण त्यावरून चालायला लागला की ते त्याच्या पायात घुसतात आणि तो जागीच अडकतो. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे नीट दाखवून दिलं आणि त्या केसांच्या हुबेहूब कृत्रिम प्रतीही बनवल्या. पण खऱ्या पानासारखं अडकवणं त्यांना साधलं नाही. ढेकूण अडखळला, धरला गेला नाही.

मग खोलीत काय केलं? वाट्या काढल्या नाहीत. आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवला, कारण धुळीने पायाची पकड सुटते. पावडर ओली झाली किंवा उडाली की पुन्हा लावायची. कॉट भिंतीपासून हातभर ओढली. याहून महत्त्वाचं म्हणजे बाकीच्या वाटा बंद केल्या: जमिनीला टेकणारी मच्छरदाणी, लोंबणारी चादर, कॉटला टेकवून ठेवलेली सॅक, उशीपर्यंत आलेली चार्जरची वायर. यांतली एक जरी वाट राहिली तर पायाखालच्या वाटीला अर्थ नाही. सांध्यांत काकांनी वाफ मारली. ढेकणांच्या अनेक वस्त्यांवर आता पायरेथ्रॉइड गटातली औषधं पूर्वीसारखी लागू पडत नाहीत. उष्णतेपुढे मात्र अंडीही टिकत नाहीत. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, कारण आतला कापूस तेवढा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

तुमच्याकडे वाटी असेल तर ती राहू द्या, पण तिच्याकडून कुंपणाचं काम मागू नका. ती फक्त खबर देते. वाटीत एक पिल्लू जरी सापडलं, तरी जवळपास अंडी घालणारी मादी आहे असं समजा, त्याच दिवशी कॉट पालथी घाला आणि शेजारच्या खोलीलाही सांगा. ढेकूण कोणाच्या अस्वच्छतेमुळे येत नाहीत. ते सामानाबरोबर, बॅगेतून येतात. लाजेपायी गप्प बसलात, तर एका खोलीचे चार खोल्यांत होतात.